उभं राहून घेतलेलं माप

आमच्या ह्यांच्या मेंदूत दोन तारा घातल्या, छातीत कातडीखाली बॅटरी बसवली आणि कंपवाताने थरथरणारा उजवा हात गप्प झाला. तेव्हापासून हे डॉक्टरांचे लाडके. शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आली की ह्यांना बोलावणं. हे शिंपी, त्यामुळे खेळही ठरलेला: सुईत दोरा ओवायचा. ओवला की टाळ्या. आम्ही रिक्षाचे पैसे घालून हा खेळ करायला जातो.

हात सोडून बाकीच्या माणसाचं काय चाललंय, हे विचारायला फुरसत कोणाला? पोट चार-चार दिवस साफ होत नाही, लघवीला जाईपर्यंत दम निघत नाही, आणि खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळतात. डोकं आपटलं तर तारांसकट सगळंच संपेल, या धास्तीने मी बाथरूमच्या दाराशी पहारा देते.

त्या दिवशीही टाळ्या झाल्या. मी म्हटलं, "डॉक्टर, हे उठताना पडतात हो."

"काकू, हात बघा ना हात! काय सुरेख!"

"हातांवर चालत नाहीत ते."

शिकाऊ मंडळी हसली, डॉक्टर नाही. त्यांनी नर्सला रक्तदाब बघायला सांगितला. तिने नेहमीसारखा, ह्यांना खुर्चीत बसवूनच बघितला. वरचा आकडा एकशे तीस.

"अगदी झकास," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढची फाइल उचलली. म्हणजे मीच उगाच राईचा पर्वत करणारी.

दवाखान्यात ज्यांच्या तोंडाला कायम कुलूप, त्या आमच्या ह्यांनी घसा खाकरला. "डॉक्टर, चाळीस वर्षांत मी पँटचं माप कधी गिऱ्हाइकाला बसवून घेतलं नाही. उभा राहिला की फजिती होते."

"काका, हे काय कापड आहे का?"

"कापड असतं तर उसवून परत शिवलं असतं. उभं करून बघा."

नर्सने रक्तदाबाचा पट्टा न सोडता त्यांना उभं केलं. मी दंड धरला. दोन मिनिटांत एकशे तीसचे ऐंशी झाले, चेहरा पांढराफटक पडला, गुडघे वाकले. एका शिकाऊ मुलीने धावत खुर्ची सरकवली. या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

डॉक्टरांनी फाइल खाली ठेवली. "तारांनी हात थांबतो. रक्तदाब असा पडणं हे आजाराचंच दुसरं अंग, त्यात गोळ्यांचीही भर असते. गोळ्या बदलून बघू." मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळले. "काकू, किती वेळा पडले?"

"चार वेळा," मी ठसक्यात सांगितलं. जिंकल्यासारखं वाटत होतं.

ह्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि माझं मनगट धरलं.

"अकरा," ते म्हणाले. "तिला चारच माहीत आहेत."