डेकवरची चार भोकं

डेकवर चार भोकं होती. तीन रिकामी, चौथ्यात मोडलेला स्क्रू. भोकांमधलं अंतर लांबीत बत्तीस सेंटिमीटर, रुंदीत अठ्ठावीस. सीट बाजूला उलटी पडली होती आणि तिच्या पायाला तीन स्क्रू लटकत होते. तिन्हींच्या आट्यांत काळपट, ओला भुसा होता.

ही सीट मीच बसवली होती. पंधरा दिवसांपूर्वी वरळीच्या समुद्रात ती उखडली तेव्हा तिच्यावर बसलेही मीच होते. लाइफ जॅकेट होतं म्हणून फक्त कोपर सोलपटलं.

दर सोमवारी या बोटीतून आम्ही ठरलेल्या सहा जागी पाण्याचे नमुने घेतो. चौदा महिने एकही सोमवार चुकला नव्हता. आता दोन चुकले होते. आमच्या प्रकल्पप्रमुख सीमा मॅडमनी अट घातली होती: सीटने दोनशे किलोची ओढ दहा मिनिटं सोसली पाहिजे, एक मिलिमीटरपेक्षा जास्त उचलली जाता कामा नये, आणि ओढ काढल्यावर जागच्या जागी परत आली पाहिजे. रविवारपर्यंत हे जमलं तर सोमवारी समुद्रात. नाही जमलं तर काम तिथेच बंद.

बोट रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत लाकडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. बोटीचा मालक शिवा, वरळी कोळीवाड्यातला. मला पाहिलं की त्याची जीभ सुटायची.

"मॅडम, सीटनं उडी मारली ते ठीक. तुम्ही कशाला गेलात तिच्या मागं?"

"तिच्यावर बसले होते रे."

"ते पण आहे म्हणा."

मी डिलाईल रोडवरून गुणाजीकाकांना घेऊन आले होते. ते आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहतात. वय बहात्तर. तरुणपणी गिरणीत मागांचे फिटर होते. बोटीचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं, हे त्यांनी येतानाच बजावलं होतं.

मी वही पुढे केली. "काका, मी हिशेब केला होता. एका स्क्रूला ऐंशी किलो. चार स्क्रूंना तीनशे वीस."

त्यांनी वही चष्म्याजवळ धरून पूर्ण वाचली. मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीनं डेकवर ठोकत निघाले. ठण, ठण, ठण. सीटच्या जागेजवळ आले आणि आवाज बसला. ठप.

"गणित बरोबर आसा गो तुझा," ते म्हणाले. "लाकूड कुजला हा."

डेक म्हणजे वरखाली फायबर आणि मध्ये प्लायवूड. माझ्या भोकांतून पाणी आत गेलं होतं आणि मी हिशेब कोरड्या लाकडाचा केला होता. काकांनी डोळे मिटून ठोकत ठोकत खडूनं एक वाकडीतिकडी रेघ मारली. वरचं फायबर कापून आतलं प्लाय काढलं तेव्हा कुजकी हद्द मी पट्टीनं तपासली. रेघेपासून ती कुठेही एक सेंटिमीटरहून लांब नव्हती.

नवीन प्लाय बसवून, वर फायबर चढवून दोन दिवस सुकू दिलं. मग काकांनी बोल्टपेक्षा दुप्पट रुंद भोकं पाडली, ती इपॉक्सीनं भरली, आणि ते दगडासारखं झाल्यावर त्यात बोल्टच्या मापाची भोकं पाडली. आता पाणी आलंच तरी लाकडाला लागणार नव्हतं.

शनिवारी त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेले नटबोल्ट होते. गिरणी बंद पडली तेव्हापासून जपलेले.

"आता असला माल मिळत नाय. ह्ये लाव."

बोल्ट खरोखर सुंदर होते, एकाही आट्याला ओरखडा नव्हता. मी खिशातलं लोहचुंबक त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते बोल्टजवळ नेलं. ते टक्कन चिकटलं.

"लोखंड," मी म्हणाले. "समुद्रात वर्षभरात गंजेल, काका."

काकांनी एक एक बोल्ट परत फडक्यात गुंडाळला, झाकण लावलं आणि चप्पल पायात सरकवली. "चल, स्टेनलेसचे घेऊया. चुंबक आण बरोबर. दुकानदार सांगता त्यावर जाव नको."

खरं कठीण काम डेकखाली होतं. तिथे पोचायला वीतभर झाकण उघडून एकच हात आत जायचा, दिसायचं काहीच नाही. चालू मागाखाली चाचपडत काम केलेला काकांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. जाड स्टेनलेसची प्लेट, वॉशर, नट, असं करत चारही बोल्टांवर सगळं चढवलं. एकही नट खाली पडला नाही. वरून मी बोल्टचं डोकं पान्यानं घट्ट धरलं होतं. बोल्ट फिरला तर डोक्याखाली लावलेलं, पाणी अडवणारं सीलंट फाटतं, म्हणून फक्त नट फिरवायचा.

नट हातानं बसले आणि काका थांबले.

"अजून आवळायचं ना?" मी विचारलं.

"आत्ता आवळलास तर सगळा सीलंट बाहेर येतला. उद्या."

"म्हातारा चहासाठी थांबलाय," शिवा म्हणाला.

"चहा पण सांग," काका म्हणाले.

रविवारी सकाळी नट पूर्ण आवळले. शिवानं बोट घोड्यांना पट्ट्यांनी बांधली. वखारीच्या तुळईला साखळीची कप्पी होती, तिला मी वजनकाटा अडकवला आणि काट्याला सीट. पायाशी प्रयोगशाळेतून आणलेला, बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावला. सीमा मॅडम घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. काकांनी सीटकडे पाठ केली.

"बघत का नाही, काका?" मी विचारलं.

"आवाज आलो तर कळतलाच."

शिवानं साखळी ओढली. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे.

दहा मिनिटांनी सीट ०.३ मिलिमीटर उचललेली होती. साखळी सैल केल्यावर गेजची सुई शून्यावर आली.