साहेबांच्या आधी

"दाबू का?" प्रेमाताईंनी विचारलं आणि उत्तर यायच्या आत दाबलंही.

वसमतच्या त्या दवाखान्यात तिन्ही मजल्यांवर एकदम घंटा खणखणल्या. सिस्टर कोमलनं आपला फोन मुका करून खिशात ठेवला होता. तोही असा ओरडला, की केसपेपरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले.

"बघ, मुका फोन बी बोलून राहिला!" प्रेमाताईंनी टाळी वाजवली. "आता म्हणून दाखवा म्हणावं, ताई, फोन सायलेंटवर व्हता."

प्रेमाताई दवाखान्याच्या टेलिफोन ऑपरेटर. अर्धं आयुष्य खालच्या काउंटरमागे, रिसीव्हर कानाला लावून गेलं. तातडीचा पेशंट आला की एकेका डॉक्टरला फोन लावायचा. एकाचा एंगेज, एकजण आंघोळीला, एकाची बायको म्हणणार 'सांगते'. निरोप पोचला की वाऱ्यावर गेला, हे वरून कुणी सांगेपर्यंत कळायचं नाही. तोवर नुसतं जिन्याकडे बघत बसायचं. म्हणून तर निरोप धाडायच्या या ॲपसाठी त्यांनीच, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर नचिकेतच्या मागे टुमणं लावलं होतं. या वयात बाईला कसलं हे खूळ, म्हणून लोक हसले. हसोत बापडे.

आणि आज त्यात नव्या सोयी आल्या होत्या. एका बटणात सगळ्यांना हाक. निरोप कुणाला पोचला, कुणी वाचला, सगळं समोर दिसणार. वाचणाऱ्यानं 'येतोय' दाबायचं. दोन मिनिटांत कुणीच दाबलं नाही, तर निरोप आपोआप यादीतल्या वरच्या माणसाकडे जायचा.

"आठ दिवस बघू," नचिकेत म्हणाले होते. "नाही जमलं तर परत आपला जुना फोन."

जुना फोन म्हणताच प्रेमाताईंनी तो काउंटरच्या कडेला सरकवला होता.

दुपारी कुरुंद्याच्या सखुबाई सुनेला घेऊन आल्या. सून अडलेली. वरून निरोप आला, बाळाचे ठोके उतरले, सिझर करावं लागणार. प्रेमाताईंनी बटण दाबलं. या वेळी खरंखुरं.

"बाई, डाक्टर येऊन राहिले ना?" सखुबाईंनी काउंटर घट्ट धरला होता.

"येतेत मावशी. हे बघा, पोचला निरोप. हे बघा, वाचला बी."

वाचलं. वाचलं. वाचलं. पडद्यावर भराभर उमटत गेलं. कोमलनं वाचलं, भूलतज्ज्ञांनी वाचलं, डॉक्टर नीलांबरींनी वाचलं. पण 'येतोय' कुणाचंच नाही. एक मिनिट गेलं. पूर्वी निदान कुणी ऐकलंच नाही अशी मनाची समजूत तरी घालता यायची. आता सगळ्यांनी ऐकलं होतं आणि एकही माणूस येत नव्हता. प्रेमाताईंनी जुन्या फोनचा रिसीव्हर उचलला. वरचा फोन नुसता वाजत राहिला.

दोन मिनिटं उलटली आणि पडद्यावर हिरवी ओळ आली. 'डॉ. सूर्यकांत – येतोय.'

प्रेमाताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. सूर्यकांत म्हणजे नचिकेतचे वडील. दवाखाना त्यांनीच काढलेला. ऐंशी ओलांडली, हात थरथरतात, दवाखान्यात येणं केव्हाच बंद झालं होतं. आणि थोड्याच वेळात दाराशी ऑटो थांबला. आतून पांढरा कोट उतरला. एक बटण चुकीच्या काजात, हातात जुनी बॅग.

"कुठं हाय पेशंट? चला, चला!"

त्याच वेळी जिन्यावरून कोमल धावत खाली आली. "झालं! मुलगी झाली! दोघी बराबर हायेत!"

सखुबाईंनी तिथल्या तिथे फरशीला हात लावून नमस्कार केला. प्रेमाताईंना आधी रडू फुटलं आणि मग राग आला.

"अगं, मग बटण काहून न्हाई दाबलं? माझा जीव गेला असता इथं!"

"आमी तर घंटा वाजल्याबरोबर पळालो ताई. पण साहेबांच्या आधी कसं दाबायचं? बरं दिसतं का ते?"

कुणीच दाबलं नव्हतं. दाबायला भूलतज्ज्ञ नीलांबरींसाठी थांबले, नीलांबरी नचिकेतसाठी, आणि नचिकेत तर हातमोजे चढवून टेबलाशी उभे. सगळे हजर, आणि ॲपच्या लेखी दवाखाना ओस!

नचिकेत खाली आले ते चिडूनच. "बाबांना कुणी बोलावलं? यादीत नाव कुणी टाकलं?"

"मी टाकलं," प्रेमाताई म्हणाल्या. "तुमचं नाव टाकलं, मग त्यांचं वर नको? न्हाई कसं टाकू?"

"रस्त्यात पडले असते तर? आत्ताच्या आत्ता काढा ते नाव."

बोलणं खोटं नव्हतं. सूर्यकांत बाकावर बसले होते, बॅग मांडीवर घेऊन. धाप अजून लागलेली होती, पण डोळे चमकत होते. सखुबाई त्यांच्या पायाशी बसून सांगत होत्या, "माझं पोरगं बी तुमच्याच हातावर जन्मलं, डाक्टर. आता नात बी तुमी आल्याबरोबर झाली."

प्रेमाताईंचं बोट पडद्यावर सूर्यकांतांच्या नावावर गेलं आणि तिथेच थांबलं. मग एकदम त्यांना हसू आलं.

"साहेब, नाव नका काढू. मोठ्या साहेबांनी घरून नुसतं दाबायचं. यायचं न्हाई. घंटा आधी त्यांना जाईल. त्यांनी दाबलं, की मग बाकीच्यांना दाबायला कुणाची आडकाठी ऱ्हाईल? आणि बाकीच्या चौघांनी दाबल्याबिगर घंटा थांबणार न्हाई, तशी बी सोय हाय यात!"

नचिकेतनी वडिलांकडे पाहिलं. "जमेल बाबा? फक्त दाबायचं. यायचं नाही."

"न्हाई येणार," सूर्यकांत म्हणाले. मांडीवरची बॅग जवळ ओढून म्हणाले, "दाबतो ना."

ॲप राहिलं. आता घंटा झाली की पहिली हिरवी ओळ त्यांची असते, आणि मागोमाग बाकीच्यांच्या धडाधड येतात. प्रेमाताईंना दर वेळी ती ओळ बघून पहिल्यासारखाच आनंद होतो.

फक्त नचिकेतच्या बायकोनं एकदा सांगितलं, की घंटा वाजली की बाबा उठतात, कोट चढवतात, 'येतोय' दाबतात आणि बॅग घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसून राहतात.

तेव्हापासून प्रेमाताई काम उरकलं की आणखी एक निरोप धाडतात, फक्त त्यांच्या एकट्याच्या नावानं. 'पेशंट बराबर आहे. साहेब, आता कोट काढा.'

लगेच उमटतं, वाचलं.