मामाच्या मशीनवरचं आकाश

आकाश दाखवणारा तो प्रोग्राम भाचीने लिहिला होता, आणि त्याच्यापायी ती पार मेटाकुटीला आली होती. नव्या मशीनवर तारे पाण्यावर तरंगल्यासारखे सरकायचे. पण मामाच्या मशीनवरचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या गळी उतरवणारा, इतका म्हातारा झालेला की नवं काही त्याच्या पचनीच पडत नसे. मग प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायची, एकदा जगासाठी आणि एकदा मामासाठी. जुन्यांना किती दिवस पोसायचं, असं वापरणारे तिला विचारायचे. नवरा तर चिडवायचाच, "काय, मामांची सरबराई झाली का?" हे ओझं टाकून द्यावं असं तिच्याही मनात येई. पण मामाचं आकाश बंद करायला हात धजावत नव्हता.

प्रोग्राम सुधारला की ती तो घेऊन मामाकडे जायची. मागच्या खोलीत भर दुपारी पडदे ओढलेले असत. कंपायलर सावकाश रवंथ करत बसे. घाई त्याच्या गावीही नव्हती. तोवर दोघं खाटेवर आडवी होऊन अंधारात गप्पा मारत. कशाच्या, ते उठल्यावर आठवतही नसे. मग मशीनच्या झोतातून छतावर एकेक तारा उगवू लागे. कपाट विरून जाई, भिंती विरून जात, स्वतःचे पायही दिसेनासे होत आणि खाट कुठेतरी वाहत निघाली आहे असं तिला वाटे. "चाललं गं," मामा हळूच म्हणे.

त्या दुपारी मात्र ती मनाचा हिय्या करून आली होती. तारे उगवले तसं तिने सांगून टाकलं, "मामा, रागावू नकोस. पुढच्या वेळेपासून हे या मशीनवर चालणार नाही. मला नाही झेपत आता."

मामा खाटेवर उठून बसला. तारे अडखळत सरकत होते.

"म्हणजे तुला हे मशीन नको?"

"मला? मला कशाला हवंय?"

"अगं, जुन्यावर तपासून बघायला तुला दुसरं कुणी नाही, म्हणून तर हे धूड ठेवलंय मी! तुझी मामी केव्हाची कानीकपाळी ओरडतेय, फेका ते म्हणून."

"आणि मी तुझ्यासाठी सगळं दोनदा लिहितेय!"

"दोघंही एकाच माळेचे मणी," दारातून मामी म्हणाली.

तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मामाने मशीन बंद केलं, पडदा सारला, आणि खोली एकदम लहान झाली. भाचीला आता खरंच रडू येऊ लागलं. इथे येण्याचं कारणच तिने आपल्या हाताने पुसलं होतं.

पुढचा प्रोग्राम झटपट झाला. त्याची वाहवाही झाली. ती मात्र घरात उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली.

शेवटी एका दुपारी ती मामाच्या दारात जाऊन उभी राहिली. मामाने दार उघडलं आणि तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"काय गं, काही अडलं का?"

"नाही रे. सहज आले."

मामा दार धरून तसाच उभा राहिला. मग आत वळून त्याने गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच सांगितलं, "अगं ऐकलंस का? सहज आलीय म्हणे!"