लेम्पीआज्जीच्या हाताखाली

नदीकाठचं गवत गुडघ्याच्या वर गेलं तरी याल्मारी अंथरुणावरच होता, आणि त्याच्या घरात रोज भांडण पेटत होतं.

"कालेर्वोभावजींना कापू द्या की," त्याची बायको साइमी म्हणायची. "हिवाळ्यात गायींम्होरं काय बरफ टाकू?"

"माझं गवत मी कापीन. दुसऱ्यानं कापायचं आन् मी बाईसारखं बघत बसायचं व्हय?"

"बाईसारखं ऱ्हायला असता तर आतापातूर निम्मं कापून झालं असतं," ती फणकारली.

कालेर्वो म्हणजे मी, त्यांचा शेजारी. वसंतात नदीत लाकडं सोडताना एक ओंडका याल्मारीच्या कमरेवर घरंगळला, तेव्हा त्याला पाठुंगळी घरी आणणाराही मीच. शहरातल्या डॉक्टरानं नुसतीच मान हलवली. मग उरली लेम्पीआज्जी. पंचक्रोशीतले निखळलेले खांदे नि आखडलेल्या कमरा या म्हातारीनंच चोळून जागेवर आणलेल्या.

तिचं काम सौनात चालायचं. लाकडी खोपटात लोखंडी भट्टीवर दगड तापवायचे, त्यांवर पाणी ओतायचं आणि त्या वाफेत माणूस मऊ झाला की आज्जीचा हात लागायचा. सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून, दुखऱ्या जागेची पाळी सगळ्यांत शेवटी. तिथं भांडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. चर्चमध्ये वागतो तसंच सौनात वागायचं, ही आमच्याकडची रीत.

"हाताखाली माणूस कण्हला की पाय जिता समजायचा," आज्जी म्हणायची. पण आमचे पुरुष कण्हतात कुठं? जीव गेला तरी हूं की चूं करायचं नाही, यातच आमची सगळी मर्दुमकी. आज्जीनं शनिवारमागून शनिवार याल्मारीचे पाय रगडले आणि तो दगडासारखा गप्प पडून राहिला. "गडी लई खंबीर," ती कौतुकानं म्हणाली, आणि मलाही ते पटलं. साइमी तेवढी दाराबाहेर थांबायची आणि मी बाहेर आलो की विचारायची, "ह्ये कण्हले का वो?"

त्या शनिवारी मी त्याला उचलून आत नेलं आणि भट्टीशेजारच्या फळीवर बसवलं. स्वारी खुशीत होती.

"उन्हं धरली की नदीच्या अंगानं सुरू करतो," तो सांगत होता. "खालचा तुकडा आधी. तितं वल ऱ्हाते."

जळका वास आला. मला वाटलं, अंगावर झोडायच्या जुडीतली बर्चची पानं भट्टीवर पडली. मग बघितलं, तर त्याची उजवी टाच भट्टीच्या लोखंडाला चिकटलेली. आणि हा आपला गवताचं बोलतोय.

आज्जीनं झटकन पाय ओढून घेतला.

"काय झालं?" याल्मारीनं विचारलं. त्यानं खाली बघितलं आणि बराच वेळ टाचेकडं बघत राहिला.

"पायातलं मला काय कळतच न्हाई, आज्जे," तो शेवटी म्हणाला. "ओंडका पडल्यापासनं. वाटलं, तुज्या हातानं येईल. तुमी दोगं खंबीर म्हणत हुता, म्हणू दिलं."

"दोनी पाय?"

"दोनी." मग तो म्हणाला, "उभा ऱ्हाईन का मी?"

म्हातारीनं ती टाच आपल्या मांडीवर घेतली. "न्हाई, लेकरा."

मला तिचा राग आला. एवढं एकदा खोटं बोलली असती तर कुठलं चर्च कोसळणार होतं?

"मग हाती घेतलंयस ते पुरं कर," याल्मारी म्हणाला.

आज्जीनं पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. नडग्या, गुडघे, मांड्या, सगळं तिनं पहिल्याइतक्याच मायेनं चोळलं. कमरेच्या वर तिचा अंगठा रुतला आणि याल्मारी गुरासारखा कण्हला. ते नुसत्या पाठीचं दुखणं नव्हतं. मला बघवेना. बादली भरायचं निमित्त करून मी बाहेर आलो.

दारात साइमी उभी होती. तिचं असं उजळलेलं तोंड मी वसंतापासून पाहिलं नव्हतं.

"कण्हले न्हवं? मी ऐकलं, भावजी. कण्हले न्हवं?"

"कण्हला," मी म्हणालो. पुढं जीभ रेटेना.

तिनं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला, भिंतीवरचा लांब दांड्याचा विळा काढला आणि धारेच्या दगडाशी जाऊन बसली.

"मी उगंच भांडत हुते," ती म्हणाली. "ज्याचं गवत त्यानंच कापावं. वाईच पानी घाला की ह्यावर."

मी बादली भरून आणली आणि तिच्या दगडावर पाणी घालत राहिलो.