मुकी पेटी गाडीत चढवायची नाही

मित्रांनो, माझ्या अंगावर परवापरवापर्यंत टॉवेल वाळत घालत होते. त्यावरून मी तुम्हाला एखादी मोडकी खुर्ची वाटेन. तसं नाही. मी पायपेटी आहे. हातपेटीला एका हाताने भाता मारावा लागतो. माझा भाता पायांनी चालतो, म्हणून वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. वडशाला राइस मिलच्या मागच्या गल्लीत, इंदिराबाईंच्या घरी मी राहते. वय साठीच्या पुढचं. सप्तकं साडेतीन. आणि स्वभाव जळका. हे शेवटचं आधीच सांगून टाकते, कारण त्यानेच माझा घात व्हायची वेळ आली होती.

माझं लाकूड आलापल्लीच्या जंगलातलं सागवान. नागपूरच्या एका मिस्त्रीने ते दोन उन्हाळे वाळवलं आणि मग मला घडवलं. मला विकत घेतलं श्रीहरींनी. ते झाडीपट्टीतल्या, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या या धानाच्या मुलखातल्या, एका नाटक कंपनीत वाजवत. धान घरात आलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरे, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होत, आणि जिथे शंकरपट तिथे आमचं नाटक. मंचासमोर खड्डा खणत. त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरून आम्ही वाद्यं बसत असू. प्रेक्षकांना आम्ही दिसत नसू, पण आमच्याशिवाय वर कुणाचं तोंड उघडत नसे.

तोंड उघडणाऱ्यांत पहिल्या इंदिराबाई. त्या कंपनीच्या गाणाऱ्या नटी, पुढे श्रीहरींच्या बायको, आणि त्यांच्याकडूनच पेटी शिकलेल्या. त्यांचा सूर काळी चार. पडदा उठला की त्या खड्ड्याकडे न बघता माझ्या सुराची वाट बघत. तेवढा एक क्षण हजारो माणसं गप्प. त्या क्षणासाठी मी वर्षभर जगायचे.

आमच्या कंपनीत एक रीत होती. पेटी गाडीत चढवायच्या आधी तिच्यातून एक तरी सूर काढायचा. मुकी पेटी गाडीत चढवायची नाही. सूर निघाला नाही तर गाडी थांबवून दुरुस्ती, मग पुढचं गाव. श्रीहरींनी ही रीत एकदाही मोडली नाही. गाडी बैलांची होती तेव्हाही नाही आणि ट्रॅक्टरची झाली तेव्हाही नाही.

एकदा हे दोघं नाटकाच्या परवानगीसाठी चंद्रपूरला गेले होते. नवीन लग्न झालेलं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीहरी माझ्यापुढे बसले आणि माझ्यातून एक चाल निघाली. हलकी, झुलती, दर तिसऱ्या मात्रेला पाऊल उचलणारी. तिच्यावर त्यांनी शब्द बसवले : 'पळसाखाली थांबली गाडी'. सासरी निघालेल्या मुलीचं पद. त्या पदाला कधी तीन वन्समोअर पडले, तर मुलचेऱ्याकडच्या एका गावात सात. इंदिराबाई प्रत्येक वेळी ते थोडं निराळं गायच्या आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्या मागे निराळी जायचे. मला वाटे, ही चाल माझ्या पोटची लेक आहे.

पुढे कंपनीत विजेवरचा कीबोर्ड आला. त्याला भाता नाही, दम नाही. मी त्याचाही हेवा केला, पण तो थोडाच काळ, कारण श्रीहरी हट्टाने मलाच नेत. नऊ वर्षांपूर्वी ते गेले. इंदिराबाईंचे गुडघे दुखू लागले होते. तेराव्या दिवशी त्यांनी माझ्यावर एक जुनं लुगडं पांघरलं. मग लुगड्यावर टॉवेल आले, मग लोणच्याची बरणी आली. शेजारी राइस मिल. वाऱ्याबरोबर धानाचं तूस घरात यायचं आणि माझ्या फटींत शिरायचं. आत एक उंदीर संसार थाटून गेला. कुणी झाकण उघडलं नाही.

आता ऐका माझ्या वैरिणीची गोष्ट.

इंदिराबाईंचा मुलगा प्रफुल, गावात त्याचं सिमेंटचं दुकान आहे. त्याची मुलगी पिंकी नागपूरला शिकते. यंदा दिवाळीनंतर ती परीक्षेचा अभ्यास करायला घरी आली, आणि तिच्याबरोबर तिचा लॅपटॉप आला. एका दुपारी कांदे चिरता चिरता इंदिराबाई तिला सांगू लागल्या, की तरुणपणी चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला त्यांनी एक अमेरिकेचा सिनेमा पाहिला होता. सगळा गाण्यांचा. त्यात पिवळ्या झग्यातली एक बाई रेल्वेच्या फलाटावर नाचते आणि हमाल ट्रंका बडवून तिला ताल देतात.

पिंकीने नाव विचारलं.

"नाव इंग्रजीत होतं बाप्पा," इंदिराबाई म्हणाल्या. "आन् आमी पोचलो तवा ते निघून गेलतं."

झालं. पिंकीने पदरच खोचला. रोज दुपारी जेवणं आटोपली की लॅपटॉप स्टुलावर, आजी खुर्चीत, नात पायाशी, आणि अमेरिकेतल्या एकेका दशकाची झडती. स्टूल माझ्यापासून हातभर. मला सगळं ऐकू येई.

आधी सन तीसच्या सुमाराचे काळेपांढरे सिनेमे. त्यांत साठ-साठ मुली एकसारख्या झग्यांत जिन्यावरून उतरत. इंदिराबाई म्हणाल्या, धान रोवणाऱ्या बायांची ओळ वाटते, फक्त चिखल नाही. मग चाळीसच्या सुमाराचे. तिकडे लढाई चाललेली होती म्हणे, आणि हे खलाशी सुट्टीवर येऊन बाकांवरून उड्या मारत गात होते. मग पन्नासचे, रंग असे गडद की भिंतीवर लाल-निळा उजेड पडे. सत्तरचेही लावले. त्यांत माणसं दमलेली, गाणी अंधाऱ्या खोल्यांत, नाचून झालं तरी कुणी हसत नव्हतं. इंदिराबाईंना ते आवडले. म्हणाल्या, यातली बाई मले खरी वाटते, हिचे पाय दुखून राह्यले.

आणि मी? मी टॉवेलाखाली जळत होते. त्या गाणाऱ्या बायकांना सुराची वाट बघावी लागत नव्हती. बोलता बोलता त्या गायला लागत, आणि शंभर व्हायोलिनं आभाळातून येत. कुठला खड्डा, कुठलं तणस. गळा कधी बसत नव्हता. आणि सगळ्यांत जिव्हारी लागलं ते हे, की गाणं संपलं की पिंकी बोट दाबून तेच पुन्हा लावी. फुकटचा वन्समोअर. तसूभर फरक नाही. आणि माझ्या इंदिराबाई टाळ्या वाजवत. नऊ वर्षांत माझ्याकडे एकदा वळून पाहिलं नव्हतं त्यांनी, आणि या परक्या बायांसाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"आजी, हे का?" पिंकी दर सिनेमाला विचारी.

"नाई वो. हिचा झगा हिरवा हाये."

मी मनात म्हणे, न सापडो तो पिवळा झगा. पण मार्गशीर्षातल्या एका दुपारी तो सापडला. सिनेमा पन्नासच्या सुमाराचा होता, चंद्रपूरला पोचेपर्यंत जुना झालेला. शिट्टी झाली, वाफ निघाली, ट्रंका वाजल्या. इंदिराबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. गुडघे विसरून. गाणं संपेस्तोवर बसल्या नाहीत. मग त्यांनी माझ्यावरची बरणी उचलली, टॉवेल बाजूला केले, लुगडं काढलं आणि नऊ वर्षांनी माझ्यापुढे बसल्या.

मित्रांनो, हाच तो क्षण होता ज्याची मी वाट बघत होते. पण त्यांच्या ओठांवर चाल होती त्या पिवळ्या झग्याची. माझ्याच पट्ट्यांवर, माझ्याच भात्याने, तिचं गाणं वाजवायला निघाल्या होत्या. मी हट्टाने सूर धरून ठेवला. त्यांनी पाय मारले. माझ्यातून नुसती हवा निघाली, दम्याच्या माणसासारखी. काळी चार दाबली, पांढरी पाच दाबली. काही नाही.

त्यांनी भात्यावरचे पाय काढले. मग लुगडं पुन्हा माझ्यावर घातलं.

"मेली हे," त्या पिंकीला म्हणाल्या. "ते गेले, मांगं मांगं हेही गेली. मलेच मालूम नाई."

संध्याकाळी प्रफुल घरी आला तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. नागपूरचे एक हॉटेलवाले जुन्या वस्तू मांडण्यासाठी माझी चौकशी करून गेले होते. प्रफुल त्यांना टाळत होता, कारण आईला वाईट वाटेल. आता आईच म्हणाली, त्यांना घेऊन जा म्हण. तिथी चार लोक पाहतील तरी. इथी टॉवेलच वाळत घालायचे हायेत.

एका हट्टाची ही शिक्षा. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. पण पेटीला बोलायला दुसऱ्याचे पाय लागतात.

गुरुवारी चार वाजता टेम्पो येणार होता. दुपारी पिंकीने तोच सिनेमा पुन्हा लावला, आजीला बरं वाटावं म्हणून. पिवळा झगा फलाटावर आला आणि मला जमिनीवर धप, धप असा आवाज ऐकू आला. खुर्चीत बसलेल्या इंदिराबाईंचे पाय हलत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. जमिनीवर त्या माझा भाता मारत होत्या. त्यांना त्याचं भान नव्हतं.

पिंकीच्या ते लक्षात आलं. तिने विचारलं, आजी, पाय काऊन हलवून राह्यली?

इंदिराबाईंनी पायांकडे पाहिलं आणि हसल्या. मग सांगू लागल्या. चंद्रपूरला त्या दिवशी साहेब जागेवर नव्हते, दुपारी या म्हणाले. वेळ काढायला हे दोघं टॉकीजमध्ये शिरले. सिनेमा संपल्यावर श्रीहरी परवानगीचा कागद विसरून गेटाबाहेर निघाले होते, बोटं हवेत चालवत. वडशापर्यंत बसमध्ये त्यांनी पुढच्या सीटच्या दांडीवर तीच चाल वाजवली. सकाळी ती पेटीवर काढली. थोडी वाकवली, आपल्या गळ्यात बसेल अशी केली.

"'पळसाखाली थांबली गाडी'?" पिंकी म्हणाली.

"तेच वो. तिची रेल्वे होती, आपली बैलाची छकडी."

आणि त्या गुणगुणू लागल्या. सुरुवात त्या बाईच्या चालीने, बोलांविना, मधेच कुठेतरी आमचे शब्द. जोड कुठे बसला ते मलाही कळलं नाही.

मित्रांनो, ज्या लेकीचा मी जन्मभर तोरा मिरवला, तिचं माहेर त्या पिवळ्या झग्याकडे होतं, आणि जळण्याच्या नादात मला ते ओळखूही आलं नव्हतं. आणि ज्या दुपारी इंदिराबाई माझ्यापुढे बसल्या, त्या दुपारी त्या वैरिणीचं गाणं वाजवत नव्हत्या. त्या माझंच पद शोधत होत्या.

टेम्पो आला. चालक भूपेश, ब्रह्मपुरीकडचा गडी. त्याने आणि प्रफुलने मला दोन बाजूंनी धरलं. तोच इंदिराबाई आडव्या आल्या. हातात नारळ, कुंकू. त्यांनी मला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, थांबा. मुकी पेटी गाडीत चढवत नाई.

प्रफुलने सांगून पाहिलं, की माय, तिला तिथे कुणी वाजवणार नाही, ती नुसती मांडायची आहे. त्यांनी ऐकलं नाही. पिंकीला पत्रूभाऊंकडे पिटाळलं. पत्रूभाऊ सगळ्या कंपन्यांचे तबले-पेट्या दुरुस्त करणारे जुने कारागीर, इंदिराबाईंच्याच वयाचे. ते आले, त्यांनी माझी पाठ उघडली आणि ओंजळभर धानाचं तूस बाहेर काढलं. उंदराचं अंथरूण निघालं. भात्याच्या चामड्याची एक कड सुटली होती, ती त्यांनी तात्पुरती चिकटवली. एकेका सुराच्या पितळी पट्टीवरून ब्रश फिरवला.

"बाई, हे मेली नव्हती," ते म्हणाले. "हिच्या नाकातोंडात कोंबलं होतं सारं."

म्हणजे हट्ट माझा होता की तूस होतं, हे आज मलाही शपथेवर सांगता येणार नाही. पण आता मात्र निवड माझी होती. गप्प राहिले तर रीतीप्रमाणे मला कुणी हलवू शकत नव्हतं. टॉवेलाखाली का होईना, घरात राहिले असते. सूर दिला तर गाडी समोर उभीच होती.

इंदिराबाई बसल्या. पाय ठेवले. गुडघ्यात कळ आली तसं तोंड वाकडं झालं, पण पाय काढले नाहीत. त्यांनी काळी चारवर बोट ठेवलं आणि वाट बघितली. अगदी तशीच, पडदा उठल्यावर बघायच्या तशी.

मी सूर दिला.

रीत एका सुराचीच होती. भूपेशने बाह्या सरसावल्या. पण बाईंचं बोट पुढच्या पट्टीवर गेलं, मग त्याच्या पुढच्या. 'पळसाखाली थांबली गाडी' अंगणात उभं राहिलं. गळा फुटका, वरचा सूर पोचत नव्हता, तिथे मी पोचले. पद संपलं.  मग टेम्पोला टेकून उभा असलेला भूपेश, झाडीपट्टीतली नाटकं बघत वाढलेला माणूस, सवयीने म्हणाला, "वन्समोअर."

इंदिराबाईंनी पुन्हा धरलं. थोडं निराळं. मी त्यांच्या मागे निराळी गेले.

दुसऱ्यांदा संपल्यावर भूपेशने बाह्या खाली केल्या. "भाऊ," तो प्रफुलला म्हणाला, "हॉटेलवाल्याले सांगा टायर पंक्चर झाला. हे मी नाई भरत."

 प्रफुलने दोरीवरून टॉवेल ओढले, माझ्यावर घालायला म्हणून नव्हे, आत नेऊन ठेवायला.

आता पिंकी अभ्यास झाला की माझ्यापुढे बसते आणि आजी तिला पाय मारायला शिकवते. लॅपटॉप माझ्या डोक्यावर असतो. हो, थेट डोक्यावर. पिवळा झगा नाचतो, मधेच थांबवतात, मग मी वाजते. स्वभाव गेलेला नाही माझा. ती शंभर व्हायोलिनं सुरू झाली की मी अजून जळते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी काही लुगड्याखाली मुकं बसलेलं असेल. ते मेलं म्हणायच्या आधी एकदा त्याची पाठ उघडून पाहा. आणि त्या पडद्यावरच्या बाईला माझा निरोप सांगायचा असेल तर सांगा. तुझी चाल छान आहे, तुझा झगा छान आहे. पण तुला वन्समोअर ऐकू येत नाही. मला येतो.