देवाचं पान
माझं डोकं तापायला निमित्त लागत न्हाय, हे अख्ख्या अणदूरला ठाऊक आहे. सासऱ्यांना, म्हणजे खंडोबाचे पुजारी बाबूराव मामांना, तर जास्तच.

आमच्या खंडोबाची मूर्ती एकच; देव वर्षातले बरेच महिने अणदूरला असतो, थोडे दिवस नळदुर्गला. देव सध्या कुठं, म्हणून लोकांचे सारखे फोन. शेवटी मी घरच्या घरी एक साइट काढली आन् 'दर्शन' नावाच्या पानावर ते लिहायला लागले. परवा देव नळदुर्गला गेले, तशी मी मजकूर बदलला.

आज सकाळी उमरग्याकडचा एक जण दारात उभा. रामकिसन नाव. मागं ओट्यावर टेकलेली त्याची म्हातारी आई, तुळजाबाई.

"ताई, देवाची जागा रिकामी दिसती की!"

"देव नळदुर्गला आहेत. साइटवर लिहिलंय, वाचायचं न्हाय का?"

"वाचूनच तर आलो."

"मग मोबाईल बिघडला असंल तुमचा," मी फणकारले.

त्यानं मोबाईल पुढं धरला. 'देव सध्या अणदूरला.' माझ्या मोबाईलवर मात्र 'नळदुर्गला'. मी मालकीण म्हणून साइटच्या आत होते, मला ताजं पान दिसत होतं. बाकी जगाला शिळं!

साइट दर वेळी पान नव्यानं मांडत न्हाय. एकदा मांडलं की त्याची प्रत जवळ ठेवते आन् येईल त्याला तीच दाखवते. म्हणून मजकूर बदलला की जुनी प्रत आपोआप पुसायची, असा नियम मी लावायला घेतला होता. तेव्हा मामा शेजारीच बसले होते. पडद्यावरच्या बटनावर 'जुनं पान पुसा' वाचलं आन् भडकले. "देवाचं पान पुसतीस? अगं, काय हे अभद्र!" मीही वैतागून दर्शनाचं पान नियमातून वगळलं. घ्या म्हटलं, तुमच्या देवाला हात लावत न्हाय.

तेवढ्यात तुळजाबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजे देव तिथं न्हाईतच व्हय?"

"न्हाईत, आजी."

"एक डोळा कवाच गेलाय. दुसऱ्याचं आज सोलापुरात आपरेशन हाय. ऱ्हाईल का जाईल, डाक्टरला बी ठावं न्हाय. म्हनलं, आधी देव बघून घ्यावा." त्यांनी पदरानं डोळा टिपला. "तर समोर कायच दिसंना. मला वाटलं, ह्यो बी गेला."

मामा दारात येऊन ऐकत होते, त्यांनी मान खाली घातली. मला रडू आलं, आन् रडू आलं की मी भांडते.

"मामा, देव इथं असताना रोज पहाटे त्यांच्यावरची कालची फुलं उतरवता, तेव्हा देव पुसता का? ही जुनी प्रत म्हणजे कालचं फूलच!"

मामा म्हणाले, "मग निर्माल्य म्हण की! पुसा कशाला म्हणतीस?"

मी दर्शनाचं पान नियमात घेतलं. पण आधीच साठलेली प्रत एकदा बटन दाबूनच काढावी लागणार होती. बटनावरचं 'पुसा' काढून 'निर्माल्य उतरवा' लिहिलं. मामांनी चपला काढल्या, हात धुऊन आले आन् एका बोटानं बटन दाबलं. रामकिसनच्या मोबाईलवर लगेच 'नळदुर्गला' आलं.

"येताना देवाला मागं टाकून आलो बघा," रामकिसन हताश होऊन म्हणाला. "आता परत नळदुर्ग, मग सोलापूर. उशीर झाला तर दवाखान्यात घेतील का?"

"घेतील. मी येतो संगं. नळदुर्गला तुम्हाला रांगेत थांबावं लागणार न्हाय," म्हणत मामांनी टोपी चढवली आन् तुळजाबाईंना हात देऊन गाडीत बसवलं.

मी चुलीवरचा भात उतरवायचा विसरले, करपला. करपू दे म्हटलं.

तासाभरानं नळदुर्गहून फोन आला तो मामांचा, पण बोलल्या तुळजाबाई.

"बाई, दिसला गं देव. पिवळ्याधम्मक भंडाऱ्यात. डोळा हाय माझा अजून."