नऊ मीटर हिरवा दगड

"अर्वो, हे अक्षर तुझंच ना?" खात्यातल्या सहकारी एन्नीने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

अक्षर त्याचंच होतं. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं, पेन्सिलीचं. मुस्तालंपी तळं, पूर्व काठ, सत्तेचाळीस नंबरचं बोअर. एकशे बारा ते एकशे एकवीस मीटर: हिरवट, मऊ, नखाने ओरखडतो. दुसऱ्या मीटरला वाकडी पांढरी शीर. पाचव्याला तपकिरी गोलसर डाग.

"माझंच. त्याचं काय?"

"त्याचं काय म्हणे! अरे, तुझ्या या नऊ मीटरवर सगळे नाचतायत."

भूगर्भ खात्याने यंदा जुन्या नोंदी साऱ्या जगाला खुल्या केल्या होत्या. आता कुणीही उठावं आणि वाचावं. सगळ्यात आधी वाचल्या त्या खात्याच्या एआयने, लाखो पानं, एका आठवड्यात. वाचून त्याने तळ्याखालून पश्चिमेकडे जाणारा एक हिरवा पट्टा काढला होता. तसला दगड जिथे असतो तिथे निकेल असण्याचा संभव. पश्चिम काठावर एकशे चाळीस मीटरवर तो लागेल, असं एआय छातीठोकपणे सांगत होतं, आणि सोमवारी तिथे बोअरचं यंत्र लागणार होतं.

अर्वो केत्तुनेनने पडदा परत तिच्याकडे वळवला. तो दगड जमिनीतून आलाच नव्हता. तो त्याच्या स्वयंपाकघरातून आला होता.

शहाऐंशीचा मार्च. अर्वो नोकरीला लागून सहा महिने झालेले. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या, गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडीने गोदामात आणायच्या आणि मीटरमीटरची नोंद लिहायची, हे त्याचं काम. त्या दिवशी बर्फ तडकला, गाडी कलंडली आणि तीन पेट्या पाण्यात गेल्या. 'नमुना हरवला' एवढे दोन शब्द लिहिले असते तरी चाललं असतं. पण साहेब रायहा म्हणजे जमदग्नी. आदल्या महिन्यात दोन पेट्या हरवणाऱ्याला त्याने घरी बसवलं होतं. बायकोला, सिर्काला, सातवा महिना, राहतं घर नोकरीचं. अर्वो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, समोरच्या हिरवट, मऊ साबणदगडाच्या शेगडीकडे पाहिलं आणि जे दिसलं ते उतरवलं. पांढरी शीर शेगडीची. तपकिरी डाग सिर्काच्या कॉफीच्या भांड्याचा. घाईत तोही लिहून गेला, गाढव!

पुढे जागा नाही म्हणून खात्याने जुन्या पेट्याच टाकून दिल्या आणि अर्वो सुटला. त्यानंतर मात्र त्याने एक ओळ खोटी लिहिली नाही. शपथेवर. लोक म्हणायचे, केत्तुनेनने लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ. ते ऐकलं की त्याला घास गिळवत नसे.

आता शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. सांगावं का? सांगितलं तर बाकीच्या एकोणचाळीस वर्षांचं काय? एका नासक्या आंब्यापायी सगळी अढी उकिरड्यावर जायची. त्याने स्वतःची समजूत घातली: निघेल साधा करडा ग्रॅनाइट, लोक एआयला हसतील. यंत्राला कुठे लाज असते?

गुरुवारी दुपारी एन्नीने गोदामाचं दार ढकललं. मागून दोघं पेट्या घेऊन आले. "अर्वो, तुझ्याच हाताने उघड. तुझा मान."

त्याने पहिली फळी काढली. ग्रॅनाइट. दुसरी पेटी, ग्रॅनाइट. त्याला हायसं वाटलं. तिसरीत एकशे चाळीसची खूण होती आणि खुणेपलीकडे हिरवट कांडी होती. त्याने नख लावलं. ओरखडा उठला.

दुसऱ्या मीटरला पांढरी शीर. वाकडी.

"पाचवा मीटर कुठाय?" त्याने पुढच्या पेटीची फळी ओढली.

पाचव्या मीटरला तपकिरी डाग होता. त्याने बोट फिरवलं. भांड्याच्या बुडाचा असतो तसा, कडेला गडद, आत फिकट. सिर्का जाऊन सहा वर्षं झाली होती.

"बरोबर नऊ मीटर!" एन्नी टाळ्या पिटत म्हणाली. "खाली परत ग्रॅनाइट. माणूस आहेस की भूत रे तू?"

"एन्नी, ते मी खोटं लिहिलं होतं."

"काय?"

"पेट्या तळ्यात गेल्या. मी घरच्या शेगडीकडे बघून लिहिलं. देवाशप्पथ."

पेट्या आणलेल्या दोघांनी वळून पाहिलं. मग तिघंही खो खो हसत सुटले. एन्नीने त्याच्या पाठीत धपका घातला. "जाता जाता थट्टा करतोस होय? मग हे काय, शेगडी पुरली होती तिथे?"

"थट्टा नाही गं, बाई. नोंद दुरुस्त कर. तुझ्या पाया पडतो."

त्याचा चेहरा पाहून तिचं हसू ओसरलं. "नोंदी खुल्याच आहेत," ती हळूच म्हणाली. "दुरुस्ती कुणीही पाठवू शकतं. बस इथे, लिही."

अर्वो खुर्चीत बसला. एकेक अक्षर शोधत त्याने टाइप केलं: बोअर सत्तेचाळीस, एकशे बारा ते एकशे एकवीस मीटर. नमुना हरवला. आधीची नोंद खोटी आहे. अ. केत्तुनेन. एवढं लिहायला त्याला एकोणचाळीस वर्षं लागली होती. पाठवून झाल्यावर त्याने चष्मा काढला आणि खुशाल रडला.

एआयचं उत्तर लगेच आलं. एन्नीने ते मोठ्याने वाचलं.

"दुरुस्ती स्वीकारलेली नाही. नव्या बोअरशी विसंगत. मूळ नोंद करणाऱ्याच्या बेचाळीस हजार नोंदी तपासल्या, एकही चूक आढळली नाही. ही दुरुस्ती त्यांच्या नावाने दुसऱ्या कुणीतरी पाठवली असावी."

एन्नी कॉफी आणायला गेली.

अर्वोने डोळे पुसले, पेटीपाशी गेला आणि पेन्सिल घेतली. नवी नोंद त्यालाच लिहायची होती. हिरवट, त्याने लिहिलं. मऊ. नखाने ओरखडतो. या वेळी शब्दन् शब्द खरा होता, पाचव्या मीटरचा डागसुद्धा.